लिनक्स सर्व्हरवरील सेवांचा स्वयंप्रारंभ : तत्त्व, पद्धती आणि पडताळणी

सारांश

ग्रंथालय, ई-अध्ययन आणि कार्यालयीन नोंदी यांसाठी अनेक महाविद्यालयांत लिनक्स सर्व्हरचा वापर केला जातो. वीज गेल्यामुळे अथवा देखभालीसाठी बंद झालेला सर्व्हर पुन्हा सुरू झाला, तरी त्यावरील सेवा आपोआप सुरू होतीलच असे नाही. सेवा 'चालू' असणे आणि ती 'सक्षम' असणे यांतील भेद प्रस्तुत लेखात स्पष्ट केला आहे. सिस्टिम फाईव्ह इनिटपासून सिस्टिमडीपर्यंतच्या पद्धतींचा आढावा घेऊन अवलंबित्व, क्रम आणि अर्धवट प्रारंभ या प्रश्नांची चर्चा केली आहे. स्वयंप्रारंभाची व्यवस्था योग्य आहे याचा विश्वसनीय पुरावा नियोजित पुनःप्रारंभातूनच मिळतो, असे प्रतिपादन शेवटी केले आहे.

बीजशब्द : लिनक्स, सर्व्हर, सेवा, स्वयंप्रारंभ, इनिट, सिस्टिमडी, कोहा, मूडल

प्रस्तावना

रात्री वीजपुरवठा खंडित होतो. यूपीएसची बॅटरी काही वेळात संपते आणि महाविद्यालयाचा सर्व्हर बंद पडतो. पहाटे वीज परत येते, यंत्रावरील दिवे लागतात, पंख्याचा आवाज सुरू होतो. सकाळी ग्रंथालय उघडते तेव्हा मात्र देवघेव विभागातील संगणकावर ग्रंथांची तालिका उघडत नाही. ज्या प्राध्यापकांनी ही व्यवस्था उभी केली ते सेवानिवृत्त झालेले असतात आणि 'यंत्र सुरू झाल्यावर काहीतरी आज्ञा द्यावी लागते' एवढेच इतरांना आठवत असते. हा प्रसंग काल्पनिक असला तरी कोणत्याही महाविद्यालयात तो घडू शकतो. त्याचे कारण यंत्रातील बिघाड हे नसून, एका व्यक्तीच्या स्मरणात असलेली गोष्ट यंत्रात लिहून ठेवली गेली नाही, हे आहे.

महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांनी २००० नंतरच्या दशकात दीर्घ भारनियमन अनुभवले. आजही वादळी पाऊस, वाहिनीतील दोष किंवा जुनी झालेली बॅटरी यांमुळे सर्व्हर अवेळी बंद पडण्याची शक्यता असते. दुसरीकडे, सर्व्हरवर अवलंबून असलेली कामे वाढली आहेत. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली 'कोहा' ही ग्रंथालय प्रणाली, तसेच मार्टिन डूगियामास यांनी विकसित केलेली आणि २००२ मध्ये प्रथम प्रसृत झालेली 'मूडल' ही अध्ययन प्रणाली, या दोन्ही मुक्त स्रोत प्रणाली भारतीय महाविद्यालयांत परिचित आहेत. दोन्ही सामान्यतः लिनक्सवर चालवल्या जातात. त्यामुळे सेवांच्या स्वयंप्रारंभाचा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित राहिलेला नाही. ग्रंथपाल, परीक्षा समन्वयक आणि प्राचार्य यांनाही त्याची तत्त्वतः ओळख असणे आवश्यक आहे.

लेखातील आज्ञांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष वापरताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकलिखित करावयाची असतात.

१. 'चालू' आणि 'सक्षम' : दोन भिन्न स्थिती

सर्व्हरवर वापरकर्त्याच्या नजरेआड सतत चालणाऱ्या प्रोग्रॅमला सेवा असे म्हणतात. वेबपाने पुरवणारी अपाची, माहितीसाठा सांभाळणारी मारियाडीबी, दूरस्थ प्रवेश देणारी एसएसएच ही सेवांची परिचित उदाहरणे होत. कोणत्याही सेवेबाबत दोन प्रश्न विचारता येतात. ती या क्षणी चालू आहे काय? आणि यंत्र पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा ती आपोआप सुरू होईल काय? पहिला प्रश्न वर्तमानाचा आहे, दुसरा भविष्याचा. पहिल्याचे उत्तर यंत्राच्या स्मृतीत असते, दुसऱ्याचे डिस्कवरील नोंदीत.

महाविद्यालयीन व्यवहारातील उदाहरण घ्यावयाचे झाल्यास, एखाद्या वर्गात आज तास चालू असणे आणि तो तास वेळापत्रकात असणे यांत जो फरक आहे तोच येथे आहे. प्राध्यापकांनी वेळापत्रकात नसलेला जादा तास घेतला तर तो आज होतो. पुढच्या आठवड्यात होईल याची खात्री नसते. उलट, वेळापत्रकात असलेला तास आज काही कारणाने झाला नाही, तरी पुढच्या आठवड्यात तो ठरल्या वेळी अपेक्षित असतो.

आधुनिक लिनक्समध्ये 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' ही आज्ञा सेवा तत्काळ चालू करते, परंतु वेळापत्रकात तिची नोंद करत नाही. 'सिस्टिमसीटीएल एनेबल' ही आज्ञा नोंद करते, परंतु सेवा त्या क्षणी चालू करत नाही. एनेबलला 'नाऊ' हा पर्याय जोडल्यास दोन्ही कामे एकत्र होतात. सद्यःस्थिती पाहण्यासाठी 'इज-अॅक्टिव्ह' आणि भविष्यातील स्थिती पाहण्यासाठी 'इज-एनेबल्ड' अशा स्वतंत्र उपआज्ञा आहेत. या दोन स्थितींच्या चार जोड्या संभवतात. त्यांपैकी 'चालू आहे पण सक्षम नाही' ही जोडी सर्वांत घातक होय, कारण यंत्र बंद पडेपर्यंत तीतील दोष कोणाच्याही लक्षात येत नाही.

या बाबतीत लिनक्स वितरणांच्या दोन मोठ्या परिवारांचे वर्तन भिन्न आहे. डेबियन व उबंटू परिवारात एखाद्या सेवेचे पॅकेज स्थापित होताच ती सेवा सामान्यतः चालूही होते आणि सक्षमही होते. रेड हॅट परिवारात, काही मूलभूत सेवा वगळता, दोन्ही गोष्टी प्रशासकाने स्वतः करावयाच्या असतात. उबंटूवर शिकलेला शिक्षक रेड हॅट परिवारातील सर्व्हर उभारतो तेव्हा, सेवा चालू केली म्हणजे काम संपले, असा त्याचा समज होणे स्वाभाविक आहे.

हाच भेद सर्व्हरच्या इतर व्यवस्थांतही आढळतो. 'माउंट' या आज्ञेने जोडलेली डिस्क यंत्र बंद होताच सुटते. ती कायम जोडली जावी यासाठी सामान्यतः एफस्टॅब या फाईलमध्ये नोंद करतात. आज्ञेने दिलेला आयपी पत्ता पुनःप्रारंभानंतर टिकत नाही. फायरवॉलडी या सुरक्षाव्यवस्थेत 'पर्मनंट' हा पर्याय न देता उघडलेले द्वार तात्पुरते असते. यामुळे कधी कधी सेवा नीट सुरू होते, पण तिच्यापर्यंत पोहोचण्याचा मार्ग बंद असतो आणि दोष मात्र सेवेला दिला जातो.

२. यंत्र सुरू होण्याचा क्रम

वीज मिळताच मदरबोर्डवरील फर्मवेअर, म्हणजे जुन्या यंत्रांत बायोस आणि नव्या यंत्रांत यूईएफआय, यंत्राची प्राथमिक तपासणी करते आणि डिस्कवरील बूट लोडरकडे नियंत्रण सोपवते. लिनक्सवर हे काम बहुधा 'ग्रब' हा प्रोग्रॅम करतो. तो कर्नल आणि त्यासोबतची प्रारंभिक फाईलव्यवस्था स्मृतीत आणतो. कर्नल यंत्रसामग्री ओळखतो, मूळ फाईलव्यवस्था जोडली जाते आणि त्यानंतर एकच प्रोग्रॅम सुरू होतो. त्याला प्रोसेस क्रमांक १ मिळतो. परंपरेने त्याचे नाव 'इनिट' असे आहे.

कर्नलची जबाबदारी येथे संपते. कोणती सेवा कोणत्या क्रमाने सुरू करावयाची याचे ज्ञान कर्नलला नसते. ते सर्व इनिट ठरवतो. म्हणूनच स्वयंप्रारंभाचा इतिहास हा मुख्यतः इनिटच्या बदलत्या रूपांचा इतिहास आहे.

३. सिस्टिम फाईव्ह इनिट : क्रमांकांची शिस्त

एटी अँड टी कंपनीच्या १९८३ मधील 'युनिक्स सिस्टिम फाईव्ह' या आवृत्तीवरून या पद्धतीला नाव मिळाले. २००० नंतरच्या दशकात बहुतेक प्रमुख लिनक्स वितरणे हीच पद्धत वापरत होती. तिच्यात यंत्राच्या अवस्थांना ० ते ६ असे क्रमांक असत व त्यांना रनलेव्हल म्हणत. रेड हॅट परिवारात ० म्हणजे यंत्र बंद करणे, १ म्हणजे देखभालीसाठी एकवापरकर्ता अवस्था, ३ म्हणजे जाळ्यासह बहुवापरकर्ता अवस्था, ५ म्हणजे त्यासोबत चित्रात्मक पडदा आणि ६ म्हणजे पुनःप्रारंभ. डेबियनमध्ये २ ते ५ या अवस्था मुळात सारख्याच असत आणि २ ही नेहमीची अवस्था मानली जाई.

प्रत्येक सेवेसाठी एक स्क्रिप्ट आणि प्रत्येक अवस्थेसाठी एक डिरेक्टरी असे. त्या डिरेक्टरीत स्क्रिप्टकडे बोट दाखवणाऱ्या सिम्बॉलिक लिंक ठेवल्या जात. लिंकच्या नावातील पहिले अक्षर 'एस' असल्यास सेवा सुरू करावयाची आणि 'के' असल्यास बंद करावयाची. पुढील दोन अंक क्रम दाखवीत. रेड हॅट परिवारातील त्या काळच्या प्रचलित मांडणीत जाळ्याचा क्रमांक १०, एसएसएचचा ५५, मायएसक्यूएलचा ६४ आणि अपाचीचा ८५ असे. म्हणजे प्रथम जाळे, मग दूरस्थ प्रवेश, मग माहितीसाठा आणि शेवटी वेबसेवा. बंद करण्याचे क्रमांक याच्या उलट असत : अपाची १५ आणि मायएसक्यूएल ३६. जे शेवटी सुरू झाले ते आधी बंद व्हावे, हे तत्त्व त्यात होते.

या लिंक हाताने करण्याऐवजी रेड हॅट परिवारात 'सीएचकेकॉन्फिग' आणि डेबियनमध्ये 'अपडेट-आरसी डॉट डी' या आज्ञा वापरल्या जात. याखेरीज सर्व सेवांनंतर चालणारी 'आरसी डॉट लोकल' ही फाईल असे. स्थानिक गरजेच्या चार ओळी तीत लिहून काम भागवण्याची सवय अनेक प्रशासकांना लागली.

ही पद्धत साधी व पारदर्शक होती. डिरेक्टरीतील नावे वाचली की यंत्र काय करणार हे कळत असे. तिच्या मर्यादा मात्र तीन होत्या. पहिली, सेवा एकामागून एक सुरू होत. एक अडली की पुढच्या सर्व थांबत. दुसरी, क्रमांकांतून क्रम कळे, कारण कळत नसे. अपाची ८५ व्या स्थानी का आहे, त्याला खरोखर कोणाची गरज आहे, हे क्रमांक सांगत नव्हता. तिसरी, स्क्रिप्टने सेवा सुरू केली की इनिटचे लक्ष तिच्यावरून उठे. पुढे ती कोसळली तर ती पुन्हा उभी करण्याची सोय सर्वसाधारण स्क्रिप्टमध्ये नसे. दुसऱ्या मर्यादेवर उपाय म्हणून स्क्रिप्टच्या शीर्षभागी अवलंबित्वाच्या नोंदी करण्याची रीत रूढ झाली आणि २०११ मध्ये आलेल्या डेबियन ६ या आवृत्तीने त्या नोंदींवरून क्रम ठरवण्याची पद्धत स्वीकारली.

४. संक्रमण : अपस्टार्ट आणि सिस्टिमडी

ऑक्टोबर २००६ मधील उबंटू ६.१० या आवृत्तीत 'अपस्टार्ट' हा नवा इनिट आला. 'अमुक घटना घडली की तमुक सेवा सुरू करा' अशी त्याची घटनाधिष्ठित रचना होती. २०१० मधील रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ६ नेही तो स्वीकारला, परंतु तेथे बहुतांश सेवा जुन्या स्क्रिप्टद्वारेच चालत राहिल्या.

एप्रिल २०१० मध्ये लेनार्ट पोएटरिंग यांनी 'सिस्टिमडी' या नव्या व्यवस्थेची घोषणा केली. के सीव्हर्स हे तिचे सहविकासक होते. मे २०११ मध्ये फेडोरा १५, जून २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ आणि एप्रिल २०१५ मध्ये डेबियन ८ व उबंटू १५.०४ यांनी ती मूलभूत व्यवस्था म्हणून स्वीकारली. हे संक्रमण वादाविना झाले नाही. एकाच प्रकल्पाने एवढी कामे आपल्याकडे घ्यावीत काय, हा आक्षेप महत्त्वाचा होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. या निर्णयाशी असहमत असलेल्यांनी 'देवुआन' हे स्वतंत्र वितरण निर्माण केले. आजही सिस्टिमडी न वापरणारी वितरणे आहेत. तथापि महाविद्यालयांत सामान्यतः आढळणाऱ्या उबंटू, डेबियन व रेड हॅट परिवारांत सिस्टिमडीच वापरली जाते.

५. सिस्टिमडीतील नोंदव्यवस्था

सिस्टिमडीत प्रत्येक सेवेसाठी स्क्रिप्टऐवजी 'युनिट' नावाची छोटी मजकूर-फाईल असते. तिचे सामान्यतः तीन विभाग असतात. 'युनिट' या विभागात सेवेचे वर्णन व तिचे इतरांशी असलेले संबंध लिहिले जातात. 'सर्व्हिस' या विभागात कोणता प्रोग्रॅम, कोणत्या वापरकर्त्याच्या नावे चालवावा आणि तो बंद पडल्यास काय करावे हे लिहिले जाते. 'इन्स्टॉल' या विभागात सेवा सक्षम केल्यावर तिची नोंद कोठे करावयाची ते सांगितले जाते. जुन्या रनलेव्हलच्या जागी 'टार्गेट' ही संकल्पना आली. सर्व्हरसाठी 'मल्टी-यूजर टार्गेट' हे पूर्वीच्या तिसऱ्या अवस्थेशी मिळतेजुळते आहे.

एनेबल ही आज्ञा प्रत्यक्षात काय करते हे समजले की तिच्याभोवतीचे गूढ संपते. ईटीसी डिरेक्टरीतील सिस्टिमडीच्या जागेत 'मल्टी-यूजर डॉट टार्गेट डॉट वॉन्ट्स' नावाची एक उपडिरेक्टरी असते. सामान्य सेवेसाठी एनेबल तेथे युनिट फाईलकडे जाणारी एक सिम्बॉलिक लिंक ठेवते. 'डिसेबल' ती लिंक काढून टाकते. अर्थात, रूप बदलले तरी डिरेक्टरीतील लिंक हेच वेळापत्रक, हे जुने तत्त्व कायम राहिले.

याच संदर्भात आणखी दोन स्थिती लक्षात ठेवाव्यात. 'स्टॅटिक' म्हणून दिसणाऱ्या सेवेत इन्स्टॉल विभाग नसतो; ती स्वतः सक्षम करता येत नाही, इतर कोणी बोलावल्यास सुरू होते. 'मास्क' केलेली सेवा मात्र कोणीही बोलावली तरी सुरू होत नाही. डिसेबल केलेली सेवा दुसऱ्या सेवेच्या गरजेमुळे सुरू होऊ शकते, म्हणून एखादी सेवा निश्चितपणे बंदच ठेवावयाची असल्यास मास्क करणे योग्य ठरते.

पॅकेजसोबत आलेली युनिट फाईल थेट बदलू नये, कारण पुढील अद्ययावतीकरणात तो बदल पुसला जाण्याचा संभव असतो. 'सिस्टिमसीटीएल एडिट' ही आज्ञा बदल वेगळ्या पूरक फाईलमध्ये ठेवते. फाईल हाताने बदलल्यास 'डीमन-रिलोड' ही उपआज्ञा द्यावी लागते. अन्यथा सिस्टिमडी जुनाच मजकूर ग्राह्य धरते.

६. अवलंबित्व आणि क्रम

सिस्टिमडी शक्य तेवढ्या सेवा एकाच वेळी सुरू करते. त्यामुळे यंत्र लवकर तयार होते, परंतु एक गैरसमज महाग पडतो. 'रिक्वायर्स' हा शब्द युनिट फाईलमध्ये लिहिल्यास 'मला ही सेवा हवी' एवढेच सांगितले जाते. 'ती माझ्या आधी सुरू करा' असे सांगितले जात नाही. क्रमासाठी 'आफ्टर' ही वेगळी ओळ लिहावी लागते. केवळ पहिली ओळ असेल तर दोन्ही सेवा एकाच वेळी निघतात, आणि कधी एक पुढे तर कधी दुसरी. अशी व्यवस्था दहापैकी नऊ वेळा चालून दहाव्या वेळी अडखळू शकते. 'वॉन्ट्स' हा रिक्वायर्सचा सौम्य प्रकार असून, हवी असलेली सेवा सुरू होऊ शकली नाही तरी मूळ सेवा सुरू होते.

क्रम पाळला म्हणजे तयारी झाली असेही नाही. ज्या सेवेचा प्रकार 'सिंपल' आहे ती, तिची प्रोसेस निर्माण होताच सुरू झाली असे मानले जाते. 'नोटिफाय' प्रकारची सेवा मात्र आपण काम स्वीकारण्यास सिद्ध आहोत असे स्वतः कळवते, आणि त्यानंतरच पुढच्या सेवेची पाळी येते. हा फरक नेमका संकटाच्या दिवशी प्रकट होतो. वीज अचानक गेल्यानंतर माहितीसाठा सुरू होताना अपूर्ण व्यवहारांची छाननी करतो व त्यास नेहमीपेक्षा अधिक वेळ लागू शकतो. एरवी क्षणात सिद्ध होणारी सेवा त्या दिवशी विलंब करते आणि तिच्यावर विसंबलेला स्थानिक प्रोग्रॅम अयशस्वी होतो.

अयशस्वी झालेली सेवा पुन्हा सुरू करण्यासाठी 'रिस्टार्ट' ही ओळ 'ऑन-फेल्युअर' या मूल्यासह लिहितात. तथापि मूळ मांडणीत दोन प्रयत्नांतील अंतर केवळ १०० मिलिसेकंद असते आणि १० सेकंदांत ५ वेळा प्रारंभ करूनही यश न आल्यास सिस्टिमडी प्रयत्न सोडून देते. म्हणजे माहितीसाठा सिद्ध व्हायला २० सेकंद लागणार असतील, तर तत्काळ कोसळणाऱ्या प्रोग्रॅमचे पाचही प्रयत्न पहिल्या एकदोन सेकंदांतच संपून जातात. 'रिस्टार्ट-सेक' या ओळीत १० सेकंदांचे अंतर दिल्यास ही अडचण टळते. एका ओळीचा हा बदल सकाळच्या खोळंब्यापासून ग्रंथालयाला वाचवू शकतो.

स्थानिक पातळीवर लिहिलेल्या प्रोग्रॅमबाबत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. शिक्षकाने स्वतःच्या खात्यातून चालवलेला प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो, पण तोच यंत्राच्या प्रारंभी चालत नाही, असा अनुभव येऊ शकतो. खात्यात प्रवेश केल्यावर मिळणारे शोधमार्ग, पर्यावरणीय चले आणि चालू डिरेक्टरी सेवेला आपोआप मिळत नाहीत. म्हणून युनिट फाईलमध्ये प्रोग्रॅमचा पूर्ण मार्ग, कार्य-डिरेक्टरी आणि वापरकर्त्याचे नाव स्पष्टपणे लिहावे. आरसी डॉट लोकलमधील जुन्या ओळीही याच रीतीने युनिट फाईलमध्ये आणणे श्रेयस्कर होय. रेड हॅट परिवाराच्या सातव्या आवृत्तीपासून ती फाईल चालवण्याची परवानगी मुळात दिलेली नसते, आणि जुन्या सर्व्हरवरून तशीच आणलेली फाईल मूकपणे दुर्लक्षित राहू शकते.

७. अर्धवट प्रारंभ

सर्व्हर पूर्ण बंद असणे हे सर्वांना दिसते. त्याहून फसवी स्थिती म्हणजे अर्धवट प्रारंभ. 'झेब्रा' या शोधयंत्रणेसह चालणाऱ्या कोहामध्ये अपाची व माहितीसाठा सुरू झाले आणि झेब्रा सुरू झाले नाही, तर तालिकेचे पान उघडते, पण शोध घेता ग्रंथ सापडत नाहीत. वाचकाला ग्रंथ ग्रंथालयातच नाही असे वाटते. मूडलमध्ये नियतकालिक कामे 'क्रॉन' या सेवेमार्फत दर मिनिटाला चालवणे अपेक्षित असते. ती सेवा बंद राहिल्यास पाने नीट उघडतात, विद्यार्थी प्रवेश करतात, परंतु ठरलेल्या वेळी पार्श्वभूमीवर व्हावयाची कामे आणि ईमेल सूचना अडकून राहतात.

घड्याळाचा प्रश्न तर सहसा विचारातच घेतला जात नाही. मदरबोर्डवरील छोटी बॅटरी संपली असेल तर वीज गेल्यानंतर यंत्राचे घड्याळ मागे जाते. जाळ्यावरून वेळ जुळवणारी 'क्रोनी' किंवा तत्सम सेवा सक्षम नसेल तर चुकीची वेळच ग्राह्य धरली जाते. मूडलमधील चाचण्या सर्व्हरच्या घड्याळाप्रमाणे उघडतात व बंद होतात. सकाळी १० ची चाचणी न उघडण्याचे मूळ अशा वेळी तीन वेगळ्या गोष्टींत असते : संपलेली बॅटरी, गेलेली वीज आणि सक्षम न केलेली सेवा.

डिस्कच्या नोंदीतूनही प्रारंभ अडू शकतो. राखीव प्रतींसाठी वापरली जाणारी यूएसबी डिस्क एफस्टॅबमध्ये नोंदवली आणि नंतर काढून नेली, तर पुढच्या प्रारंभी सिस्टिमडी मूळ मांडणीनुसार तिची ९० सेकंद वाट पाहते आणि त्यानंतर यंत्र आपत्कालीन अवस्थेत जाते. तेथे एसएसएचही सुरू झालेले नसते. पडद्यासमोर प्रत्यक्ष बसावे लागते. त्या नोंदीत 'नोफेल' हा पर्याय लिहिल्यास डिस्क नसतानाही प्रारंभ पूर्ण होतो. मार्च २०२० पासूनच्या टाळेबंदीने शैक्षणिक परिसर बंद ठेवले तेव्हा, दूरस्थ प्रवेश देणारी सेवा आपोआप सुरू होणे किती महत्त्वाचे आहे, हे स्पष्ट झाले. इतर सर्व सेवा बंद असल्या आणि एसएसएच सुरू असले तर घरून दुरुस्ती करता येते.

शेवटी, यंत्रच सुरू झाले नाही तर उपरोक्त सर्व व्यवस्था निरर्थक ठरते. वीज परत आल्यावर यंत्राने काय करावे याची निवड फर्मवेअरमध्ये असते. 'पूर्वस्थिती' हा पर्याय असताना यूपीएसच्या सूचनेवरून सर्व्हर रीतसर बंद झाला असेल, तर वीज आल्यावरही तो बंदच राहू शकतो. सर्व्हरसाठी 'नेहमी सुरू' हा पर्याय अधिक योग्य आहे.

८. पडताळणी

शेकडो दिवस अखंड चालू असलेला सर्व्हर हा पुष्कळदा अभिमानाचा विषय मानला जातो. स्वयंप्रारंभाच्या दृष्टीने पाहता तेवढे दिवस त्या सर्व्हरची परीक्षा झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. या काळात केलेला प्रत्येक तात्पुरता बदल स्मृतीत साचत गेलेला असतो आणि त्यांपैकी कोणते डिस्कवर उतरले हे कोणालाच सांगता येत नाही. म्हणून दिवाळीच्या अथवा उन्हाळ्याच्या सुटीत पुढील क्रमाने नियोजित पुनःप्रारंभ करावा.

(१) माहितीसाठ्याची राखीव प्रत घ्यावी आणि ती वाचता येते याची खात्री करावी.

(२) सध्या चालू असलेल्या आणि सक्षम असलेल्या सेवांच्या दोन स्वतंत्र याद्या काढून त्यांची तुलना करावी. पहिलीत असून दुसरीत नसलेल्या प्रत्येक नावाचे कारण शोधावे. काही सेवा स्टॅटिक असतील. उरलेल्यांचा निर्णय करावा.

(३) एक जण सर्व्हरच्या पडद्यासमोर उपस्थित असताना यंत्राचा पुनःप्रारंभ करावा. या वेळी कोणतीही आज्ञा हाताने देऊ नये.

(४) 'सिस्टिमसीटीएल' आज्ञेस 'फेल्ड' हा पर्याय जोडून अयशस्वी सेवांची यादी पाहावी आणि 'जर्नलसीटीएल' आज्ञेस 'बी' हा पर्याय जोडून त्या प्रारंभाची नोंदवही वाचावी.

(५) तपासणी वापरकर्त्याच्या बाजूने करावी. ग्रंथपालांनी एखादा ग्रंथ शोधून त्याची देवघेव करून पाहावी, शिक्षकांनी मूडलमध्ये प्रवेश करून घड्याळाची वेळ ताडून पाहावी. सेवा चालू दिसणे आणि काम होणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

(६) आढळलेला दोष हाताने सेवा सुरू करून झाकू नये. नोंद दुरुस्त करून पुन्हा पुनःप्रारंभ करावा. हाताचा आधार न लागता सर्व कामे सुरू झाली तरच पडताळणी पूर्ण झाली असे मानावे.

यासोबत एक पानी लेखी नोंद सर्व्हरजवळ आणि कार्यालयात ठेवावी. तीत प्रत्येक सेवेचे नाव, तिचा उपयोग, ती नीट चालल्याची खूण आणि शेवटच्या पडताळणीचा दिनांक असावा. पासवर्ड मात्र या पानावर लिहू नयेत.

निष्कर्ष

सेवांचा स्वयंप्रारंभ एका आज्ञेने साध्य होतो असे वरवर दिसते. प्रत्यक्षात त्या आज्ञेमागे अवलंबित्व, क्रम, सिद्धता, वेळ, डिस्क आणि वीज यांची साखळी असते. क्रमांकांच्या लिंकपासून युनिट फाईलपर्यंत पद्धती बदलल्या, तरी प्रत्येक पद्धतीचे उद्दिष्ट एकच राहिले : यंत्राने काय करावयाचे हे माणसाच्या आठवणीत न राहता यंत्राच्या नोंदीत असावे.

महाविद्यालयाच्या दृष्टीने हा प्रश्न अंतिमतः प्रशासनाचा आहे. अध्यापक सेवानिवृत्त होतात, बदलून जातात, कंत्राटी तंत्रज्ञांची मुदत संपते. त्यांनी उभारलेली व्यवस्था त्यांच्या अनुपस्थितीत स्वतःच्या बळावर उभी राहते की नाही, याचे उत्तर वर्षातून दोनदा केलेल्या नियोजित पुनःप्रारंभातून मिळते. ते सुटीच्या दिवशी शांतपणे मिळवावे. अन्यथा परीक्षेच्या दिवशी वीज गेल्यावर ते मिळतेच.